आजोळच्या चौकटीची गिटार

वाईचं घर पाडायला काढलं तेव्हा जागेच्या वाटण्यांवर जेवढी चर्चा झाली तेवढी लाकडावर झाली नाही. ठेकेदार सगळं सागवान एकरकमी उचलणार होता. मी म्हटलं, माजघराच्या दाराची चौकट आणि एक झडप तेवढी मला राहू द्या. आईला वाटलं, पोराला घराची ओढ आहे. खरं सांगायचं तर माझा डोळा चौकटीच्या दोन उभ्या वाशांवर होता. पाच इंच रुंद, तीन इंच जाड, सरळ रेषेचं आणि दोन-तीन पिढ्या सावलीत वाळलेलं लाकूड. असं सागवान आता भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मागितलं तर दुकानदार आधी तुमच्या चपलांकडे बघतो.

भाची माझ्याकडे वर्षभर गिटार मागत होती. ती एका बँडमध्ये वाजवते आणि तिचा हात लहान आहे. बाजारातल्या साडेपंचवीस इंची तारेच्या गिटारवर करंगळी लांबच्या फ्रेटवर (मानेवरची धातूची आडवी पट्टी) नेताना तिचं मनगट वाकडं व्हायचं. तिच्या अटी तीनच: तारेची लांबी कमी हवी, वजन कमी हवं, आणि लाकूड दिसलं पाहिजे पण आरशासारखं चकचकीत. तिसरी अट ऐकून मी "हो, त्यात काय" असं म्हणालो होतो, ते मला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं.

मी पिंपरीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये २६ वर्षं काढली. डाय आणि मोल्ड. तिथे दोन शतांश मिलिमीटर चुकलं तर शिव्या पडतात. सुतार सुतात बोलतो, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, आणि मी मायक्रॉनमध्ये. त्यामुळे गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत पहिल्या दोन गिटार केल्या तेव्हा मी लाकडालाही लोखंडासारखंच वागवलं. पहिली कशीबशी वाजली. दुसरीचं वजन भरलं साडेचार किलो. ती खांद्याला लावून कुणी अर्धा तास उभं राहील तर त्याला हमालीच द्यावी लागेल. भाचीची ही तिसरी.

इलेक्ट्रिक गिटार टूलरूमच्या माणसाला आवडते याचं कारण तिचा जन्मच तसा आहे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा, रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० च्या सुमारास त्याने जी पोकळी नसलेली गिटार बाजारात आणली तिची मान धडाला चार स्क्रूंनी जोडलेली होती. मान बिघडली, काढा, दुसरी लावा. तारेची लांबी साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर, हे माप त्याचं. गिब्सन कंपनीच्या गिटारांचं माप पावणेपंचवीस धरतात, ६२८ च्या आसपास. भाचीसाठी मी ६२८ घेतलं. वीस मिलिमीटरने काय फरक पडतो असं वाटेल, पण फ्रेट जवळ येतात आणि तेवढ्याच सुराला तार किंचित सैल राहते, बोटांना दोन्ही कळतं.

लाकूड पुण्यात आणलं आणि पहिला आठवडा रंग काढण्यात गेला. चौकटीवर ऑइलपेंटचे चार थर होते, सगळ्यांत खाली हिरवा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून पॉलिश पेपर मारून धूळ उडवायची नाही. पाणी मारत, मास्क लावून, पत्तीने खरवडायचं आणि निघालेला रंग पिशवीत बांधून टाकायचा. मग सॉ मिल. तिथल्या माणसाने वासे बघितले आणि म्हणाला, "जुना माल आहे. खिळा निघाला तर पट्टा जाईल, पैसे तुम्ही देणार?" मी लोहचुंबक घेऊन बसलो. चौकटीच्या वरच्या आडव्या पट्टीत एवढे खिळे होते की ती मी घेतलीच नाही; वर्षानुवर्षांची तोरणं. उभ्या वाशांतून अकरा निघाले. सॉ मिलवाल्याने वासे जाडीत चिरून दिले, पट्ट्याला काही झालं नाही.

बारावा माझ्या राउटरला, कोरायच्या मशीनला, लागला.

ते तीन पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून झाल्यावर. सागवानात तेल असतं, त्यामुळे डिंक धरत नाही. चिकटवण्याआधी कडा थिनरने पुसायच्या आणि लगेच, तेल परत वर यायच्या आत, डिंक लावून शिकंजे आवळायचे. ते नीट झालं. दुसऱ्या गिटारचं वजन लक्षात ठेवून या वेळी धड आतून कोरायचं ठरवलं होतं. सागवान घनमीटरला साडेसहाशे किलोच्या घरात जातं. भरीव ठेवलं असतं तर नुसतं धडच पावणेतीन किलो झालं असतं. फेंडर कंपनीनेही १९६८ मध्ये कोरलेल्या धडाची टेलिकास्टर गिटार काढली होती. एमडीएफचा साचा लावून एका वेळी सहा मिलिमीटर असं राउटर फिरवत होतो, तेवढ्यात कर्रर्र आवाज आणि ठिणगी. बिटचा कार्बाइडचा दात उडाला. बघतो तर मुंडकं तुटलेला बारीक खिळा, लाकडाच्या पोटात, आणि त्याच्याभोवती रुपयाएवढा काळा डाग. सागवानातलं टॅनिन आणि लोखंड मिळून तसा काळा रंग होतो, शाईसारखा. आईला दाखवला तर म्हणाली, "पडद्याच्या स्प्रिंगचा. तुझ्या आजोबांनीच मारलेला, त्यांचे सगळे खिळे असेच तुटायचे."

कोरलेल्या धडावर झडपेच्या फळीतून काढलेली ९ मिलिमीटरची टोपी चिकटवली. एकूण जाडी ४४. धड झालं दोन किलोला जरा कमी.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ब्रायन मे या गिटारवादकाने शाळकरी वयात, १९६३ पासून दोनेक वर्षं खपून, वडिलांच्या मदतीने घरीच आपली इलेक्ट्रिक गिटार बनवली. तिची मान जुन्या फायरप्लेसच्या महोगनीची. त्यात किड्यांनी पाडलेली भोकं त्याने काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. कंपन देणाऱ्या दांडीसाठी मोटरसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा, फ्रेटबोर्डवरच्या ठिपक्यांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. तीच गिटार त्याने पुढे 'क्वीन' बँडमध्ये आयुष्यभर वाजवली. आणि त्याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी शिकायला होता आमच्या पाचगणीत, सेंट पीटर्स शाळेत. म्हणजे पसरणी घाट चढलं की वर. आमच्या माजघराचं दार तेव्हा खाली वाईत उघडत-मिटत होतं. याचा एकमेकांशी काही संबंध नाही हे मला कळतं. पण मोटरसायकलच्या स्प्रिंगा वाचल्यापासून मला माझ्या पत्र्याच्या खोलीची लाज वाटेनाशी झाली.

मान केली सागवान-शिसव-सागवान अशा तीन पट्ट्यांची, आत ट्रस रॉड. तारा ताणल्या की सगळ्या मिळून ४० किलोच्या वर ओढ मानेवर येते. मान धनुष्यासारखी वाकू नये म्हणून हा लोखंडी गज, आणि षटकोनी चावीने तो आवळता-सैल करता येतो. वर शिसवीचा फ्रेटबोर्ड.

फ्रेटच्या फटी पाडणं हा माझा सगळ्यांत आवडता भाग, कारण इथे लाकडालाही मायक्रॉनची भाषा थोडीफार मानावी लागते. तारेची लांबी १७.८१७ ने भागायची, तो पहिला फ्रेट. ६२८ ला भागलं की ३५.२५. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, तो दुसरा, असं करत गेलं की बारावा बरोबर अर्ध्यावर, ३१४ वर येतो. नवशिके इथे एक चूक हमखास करतात: प्रत्येक माप आधीच्या फ्रेटपासून घेतात. मग प्रत्येक वेळची बारीक चूक पुढच्यात जमा होत जाते, आणि वरच्या फ्रेटांवर बेसूर. सगळी मापं नटपासूनच, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासूनच, घ्यायची. मी कारखान्यातल्या सवयीने डिजिटल व्हर्नियर लावून २२ फटी पाडल्या. नंतर कळलं की त्या आठवड्यातल्या पावसाने लाकूड मी मोजत होतो त्यापेक्षा जास्त आडवं फुगलं होतं. पण लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत हलतं. म्हणून वाचलो. तेव्हा तरी.

आता पॉलिश.

गणपतीत भाचीच्या सोसायटीत बँडचा कार्यक्रम होता आणि मी शब्द देऊन बसलो होतो. जुलै उजाडला. सागवानाचं तेल वर येऊन पॉलिश बिघडवू नये म्हणून आधी लाखेचा हात दिला. बोहरी आळीतून चपडा लाख आणली, स्पिरिटमध्ये विरघळवली. त्या बाटलीला दोन दिवस हात लावायचा नाही. मेण तळाशी बसतं, वरची निवळ तेवढी घ्यायची. जुन्या सुती बनियनची गुंडी करून चार हात दिले. चाळीस वर्षं रंगाखाली झाकलेलं लाकूड त्या हातांनी असं काही उजळलं की आई जिना चढून बघायला आली. तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण "आरशासारखं" हा शब्द होता.

म्हणून एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, स्प्रेगनने. एका दुपारी पाऊस उघडला, ऊन पडल्यासारखं झालं. कॉम्प्रेसर खोलीबाहेर ठेवला (थिनरची वाफ आणि ठिणगी एका खोलीत नकोत), मास्क लावला आणि तासाच्या अंतराने तीन कोट मारले. तिसऱ्या कोटनंतर चहा प्यायला खाली गेलो. वर आलो तर गिटारवर दूध सांडल्यासारखं. सगळ्या पृष्ठभागावर पांढरट साय, खाली सागवान दिसतंय न दिसतंय. मी आधी कापडाने पुसून पाहिलं. मग फॅन लावला. मग खुर्चीवर बसलो.

दुसऱ्या दिवशी धड चादरीत गुंडाळून चौकातल्या गॅरेजमध्ये नेलं, जिथे गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग होतं. तिथल्या पेंटरने चादर उघडली आणि विचारलं, "काल मारलं ना? दुपारी?" मी हो म्हटलं. "पाऊस थांबला म्हणून मारलं असेल. पाऊस थांबला तरी हवा ओलीच असते ना, काका." मग त्याने समजावलं ते असं: थिनर भरभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि गार पृष्ठभागावर हवेतलं पाणी बसतं. थंडगार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसं. ते पाणी लॅकरमध्ये अडकतं आणि पांढरं दिसतं. त्यावर उपाय रिटार्डर, म्हणजे सावकाश उडणारा थिनर. त्याने गनमध्ये नुसता रिटार्डर घेतला आणि लांबून एक हलकी फुंकर मारल्यासारखी मारली. लॅकरचा वरचा थर पुन्हा ओला झाला, आतलं पाणी निघून गेलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत साय विरत गेली. कडेपासून आत. मी पैसे विचारले तर म्हणाला, "गिटार झाली की दाखवायला आणा."

एनसी लॅकरचा हा गुण मोठा आहे. नवा थर जुन्याला विरघळवून त्यात मिसळतो. पीयूसारखे, म्हणजे पॉलियुरेथेनसारखे, थर वेगवेगळे राहत नाहीत. म्हणूनच दुरुस्ती जमते. पण त्याच गुणाचा दुसरा अर्थ असा की आतला थिनर पूर्ण उडेपर्यंत तो मऊच राहतो. हात लावून कळत नाही, नखही उमटत नाही, वासाने कळतं. नाक टेकवलं आणि थिनरचा वास आला की अजून थांबायचं. मी रोज सकाळी वर जाऊन गिटारचा वास घ्यायचो. आई एकदा म्हणाली, "तान्ह्या बाळाच्या टाळूचा घेतात तसा घेतोस."

वास जाईना आणि गणपती आले. भाचीने जुन्याच गिटारवर कार्यक्रम केला. मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि तिने माझ्याकडे मुद्दाम बघितलं नाही.

वास गेला तो पाच आठवड्यांनी. मग वॉटर पेपर: ८००, १०००, १५००, २०००, साबणाच्या पाण्यात बुडवून, खाली सपाट रबराचा ठोकळा घेऊन. स्क्रूच्या भोकांत पाणी जाऊ द्यायचं नाही, नाहीतर लाकूड आतून फुगून भोकाभोवती लॅकर उचललं जातं. तेवढं सांभाळलं, पण खालच्या कडेला हात जरा जास्त फिरला. कडेवर थर पातळ असतो. पाण्याचा रंग अचानक चहासारखा झाला तेव्हा कळलं, लाकूड लागलं. आठ दिवस बारीक ब्रशने थेंब थेंब लॅकर भरत बसलो. रबिंग कंपाउंडने घासून झाल्यावर ती जागा कुणाला दिसत नाही. मला दिसते.

वायरिंगवर फार लिहिण्यासारखं नाही. दोन हंबकर पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणारे चुंबकी भाग. १९५५ च्या सुमारास गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने गिटारसाठी असा पिकअप बनवला: दोन कॉइल उलटसुलट लावायच्या म्हणजे विजेच्या लाइनची गुणगुण एकमेकींत मरते, तारेचा आवाज राहतो. ५०० के चे पॉट (आवाज कमी-जास्त करायची बटणं) आणि वायर तपकीर गल्लीतून. ॲम्पला लावलं आणि भयंकर हम्म. तारांना हात लावला की बंद, काढला की चालू. ब्रिजची, म्हणजे धडावरच्या तारांच्या घोडीची, अर्थची वायर जोडायची राहिली होती, इतकंच.

खरं दुखणं वेगळं निघालं. आठव्या फ्रेटवर कुठलीही तार दाबली की झणझण. मी मान सैल केली, आवळली, ब्रिज उचलला. ब्रिज उचलला की झणझण जायची, पण तारा इतक्या वर जायच्या की लहान हाताची सगळी मेहनत पाण्यात. दिवाळीनंतर एका लग्नाला मिरजेला जायचं होतं. गिटार डिकीत टाकली. मिरजेत सितार-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत एका दुकानात माझी जुनी ओळख आहे. माझ्या वडिलांचा तंबोरा तिथेच जवारीला यायचा.

दुकानात वृद्ध कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर कानस चालवत होते. गिटार बघून म्हणाले, "हे काय आणलंत हो?" मी वाजवून दाखवलं. त्यांनी गिटार हातात घेतली, एक डोळा मिटून मानेवरून बंदुकीसारखी नजर टाकली, मग करंगळीचं नख फ्रेटांवरून सावकाश वर नेलं आणि नवव्यावर थांबले. "आठवा वाजवताय, पण दोष नवव्याचा. हा उंच आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्याकडे व्हर्नियर होता, सरळ पट्टी होती, आणि मी आठव्यावरच बघत बसलो होतो. तार आठव्यावर दाबली की ती पुढच्या नवव्याला घासणार, हे शाळेतल्या पोराला कळलं असतं.

"आम्ही ही झणझण यावी म्हणून दिवस दिवस घासतो," ते म्हणाले. त्यांच्या समोरची उंटाच्या हाडाची घोडी वरून अगदी किंचित गोलसर होती; तार तिच्यावरून सुटताना घासत जाते, म्हणून तंबोऱ्याचा सूर उलगडत राहतो. तीच जवारी. "आणि आमच्या सितारीचे पडदे सरकवता येतात. चुकलं तर दोरा सैल करायचा. तुम्ही ठोकून मोकळे झालात." कानस त्यांनी पुढे केली होती. मी म्हटलं, राहू द्या, घरी करतो. त्यांच्या हातून झालं असतं तर मला बरं वाटलं नसतं.

घरी येऊन पोलादाची छोटी पट्टी तीन-तीन फ्रेटांवर ठेवून पाहिली. नवव्यावर ती डुगडुगत होती. मोजलं: आठ शतांश मिलिमीटर. म्हणजे अखेर माझ्याच भाषेतली चूक. फ्रेटांवर मार्करची शाई लावली, लांब सपाट कानस चालवली, शाई सगळीकडून सारखी गेली की थांबलो. मग प्रत्येक फ्रेटचा माथा पुन्हा गोल केला आणि घासून चकाकी आणली. तारा चढवल्या. झणझण गेली. गिटारचं वजन भरलं ३.४ किलो.

भाचीने ती हातात घेतली तेव्हा आधी वाजवली नाही. उलटी केली आणि मागच्या बाजूच्या काळ्या डागाला बोट लावलं. खिळा काढून तिथे सागवानाची खुंटी बसवली होती, पण डाग तसाच ठेवला होता. "हे काय?" आईने पडद्याच्या स्प्रिंगची गोष्ट सांगितली, आजोबांच्या खिळ्यांसकट. मग ती तासभर वाजवत बसली. मनगट सरळ होतं, मी तेवढंच बघत होतो. गॅरेजवाल्या पेंटरलाही नेऊन दाखवली. त्याने उजेडात तिरकी धरली, कडेवरून बोट फिरवलं, आणि नेमकं भरलेल्या जागी थांबला. काही बोलला नाही.

एप्रिलमध्ये तिचा फोन आला. "मामा, गिटार चावायला लागलीय." गेलो, मानेच्या कडेवरून हात फिरवला. पावसाळ्यात फुगलेला फ्रेटबोर्ड पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात आक्रसला होता, आणि फ्रेटची टोकं दोन्ही कडांना बाहेर आली होती, करवतीच्या दातांसारखी. जुलैच्या ओल्या हवेत मी ती कडेला बरोबर घासून बसवली होती आणि फार खूश झालो होतो. जेवणाच्या टेबलावर टॉवेल टाकला, कडेला चिकटपट्टी लावली आणि बारीक कानस घेऊन बसलो. २२ फ्रेट, ४४ टोकं. आई शेजारी भाजी निवडत होती. मी तिला लाकूड कसं हलतं ते सांगायला लागलो.

"मला काय सांगतोस," ती म्हणाली. "हे दार पावसाळ्यात कधी धड लागलंच नाही. आणि उन्हाळ्यात कडी घातली तरी फटीतून माजघरातला दिवा दिसायचा."

फ्रेटबोर्ड त्या दाराचा नाही, नवीन शिसवीचा आहे, हे मी तिला सांगितलं नाही.